बर्गचे तीन गुण वाढले, म्हणजे रुग्ण सुधारला असे लिहावे का?

प्रश्न : पाऊलवाट

सर्वांना नमस्कार. मेंदूविकारांच्या पुनर्वसनात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना मला आता चार वर्षे होतील. ज्या गोष्टीची एव्हाना खात्री असायला हवी होती, नेमका तिच्याविषयीच गेल्या आठवड्यात माझा गोंधळ उडाला, म्हणून प्रश्न जरा सविस्तर मांडते.

माझ्याकडे 58 वर्षांचे एक गृहस्थ उपचार घेत आहेत. पक्षाघाताला सहा आठवडे झालेले असताना ते आले. उजवी बाजू अशक्त होती, पण बोलणे स्पष्ट आणि समज उत्तम होती. पहिल्या तपासणीत बर्ग बॅलन्स स्केलवर, म्हणजे शरीराचा तोल तपासणाऱ्या श्रेणीवर, त्यांना 56 पैकी 41 गुण मिळाले. आठवड्यातून पाच दिवस असे चार आठवडे व्यायाम झाल्यावर मी पुन्हा तपासले, तेव्हा ते 44 भरले. त्याच काळात दहा मीटर चालायला लागणारा वेळ 26 सेकंदांवरून 17 सेकंदांवर आला. पोटरीचा ताठरपणा सुधारित ॲशवर्थ श्रेणीनुसार 1+ होता, तो आता 1, म्हणजे एक पायरी कमी आहे. शिवाय एक गोष्ट अशी, जी माझ्या कोणत्याही तक्त्यात बसत नाही. पूर्वी खोलीतून न्हाणीघरापर्यंत जाताना ते भिंतीवर डावा तळहात घासत जात असत. आता तो हात भिंतीपासून सुटलेला असतो.

अहवालात मी ‘तोलामध्ये 7 टक्के सुधारणा’ असे लिहिले. त्यांचा मुलगा दर आठवड्याला ‘किती टक्के फरक पडला?’ असे विचारतो, आणि 41 वर 3 म्हणजे साधारण तेवढेच होतात. अहवाल वाचून एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सांगितले, की तीन गुणांना वाढ म्हणायचेच नसते, ती मोजमापातली चूक असते. मुलाला मात्र वाईट वाटले, की महिनाभर एवढी मेहनत करून वडिलांचे सातच टक्के व्हावेत. एकाच आकड्यावर दोघेही नाराज झाले आणि दोघांनाही समाधानकारक उत्तर मला देता आले नाही.

मला जाणून घ्यायचे आहे ते असे : तीन गुणांचा खरा अर्थ काय लावावा? टक्केवारीत सांगणे योग्य आहे का? आणि प्रत्येक रुग्णासाठी जेमतेम अर्धा तास तपासणीला मिळत असेल, तर कोणत्या चाचण्या ठेवाव्यात आणि कोणत्या सोडाव्यात?


उत्तर : तोलकाटा

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर नीट बसले की बाकीचे बरेचसे आपोआप सुटते.

तुमच्या सहकाऱ्यांना जे म्हणायचे असावे ते असे : एखाद्या माणसात तसूभरही बदल झालेला नसताना त्याच चाचणीचे गुण आज एक आणि परवा दुसरे येऊ शकतात. झोप नीट झालेली नसते, तपासणारा बदललेला असतो, ‘जरा हात टेकला की नाही’ याचा निर्णय या वेळी वेगळा पडतो. हा नैसर्गिक चढउतार ओलांडून पुढे गेलेला बदलच आपण खात्रीने खरा म्हणू शकतो, आणि त्या मर्यादेला ओळखता येणारा किमान बदल म्हणतात. वयस्कर व्यक्तींवर झालेल्या एका अभ्यासात बर्गसाठी ही मर्यादा सुरुवातीच्या गुणांनुसार बदलते असे दिसले. सुरुवात 45 ते 56 च्या दरम्यान असेल तर 4 गुण, 35 ते 44 असेल तर 5, 25 ते 34 असेल तर 7, आणि 24 किंवा त्याखाली असेल तर पुन्हा 5. पक्षाघाताच्या रुग्णांतही हा आकडा साधारण पाच ते सातच्या घरात आढळतो. तुमचे रुग्ण 41 वर होते, म्हणजे 44 हा आकडा या मर्यादेच्या आत राहतो.

इथपर्यंत सहकाऱ्यांचे बरोबर आहे. मात्र ‘सुधारणा सिद्ध झाली नाही’ आणि ‘सुधारणा झाली नाही’ ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिले विधान आपल्या मोजपट्टीविषयी आहे, दुसरे रुग्णाविषयी. बर्गवरून तुम्हाला फक्त पहिले करता येते.

यापुढे मी एकूण बेरीज बाजूला ठेवून चौदा ओळी वाचण्याचा आग्रह धरीन. बर्गमध्ये चौदा कृती आहेत आणि प्रत्येकीला 0 ते 4 गुण आहेत. तुमचे तीन गुण नेमके कोठे वाढले? समजा ते 360 अंशांत वळण्याच्या कृतीत वाढले असतील. तेथे दोन्ही बाजूंना प्रत्येकी चार सेकंदांत सुरक्षितपणे वळता आले तरच 4 गुण मिळतात आणि एकाच बाजूला जमले तर 3. पक्षाघाताच्या रुग्णात ही कृती मी जवळून पाहतो. अशक्त बाजूकडे वळताना तो लहान लहान पाच-सहा पावले टाकतो, नजर जमिनीवर खिळलेली असते आणि चांगला हात नकळत खुर्चीच्या पाठीकडे जातो. महिन्याभराने तोच माणूस तीन पावलांत वळत असेल आणि नजर समोर असेल, तर गुण एकानेच वाढलेला असला तरी मला त्यातून पुष्कळ कळते. याउलट तीन गुण तीन वेगवेगळ्या कृतींत एकेकाने विखुरलेले असतील आणि पहिली तपासणी दुसऱ्याच कोणी केलेली असेल, तर मी त्यांना फारसे महत्त्व देणार नाही.

आणखी एक गोष्ट. या चौदा कृतींत चालण्याची एकही नाही. कॅनडात 1980 च्या दशकाच्या अखेरीस ही श्रेणी तयार झाली ती वृद्धांचा तोल तपासण्यासाठी, आणि उभे राहणे, बसणे, वाकणे, पुढे झुकणे, एका पायावर थांबणे या गोष्टी ती उत्तम टिपते. पण तुमच्या रुग्णाने कमावले आहे ते चालताना. भिंतीवरचा हात सुटला तो चालताना सुटला. ते बर्गमध्ये दिसेल ही अपेक्षाच थोडी चुकीच्या जागी आहे. वरच्या टोकाला तर बर्ग फार लवकर भरते. माझ्या एक रुग्ण 55 गुण घेऊन घरी गेल्या आणि पंधरवड्यात पडल्या. चालता चालता मागून कोणी हाक मारली म्हणून त्यांनी मान वळवली, एवढेच निमित्त झाले. चालताना मान वळवायला मी त्यांना तपासणीत कधीच सांगितले नव्हते, आणि याची खंत मला आजही आहे. तेव्हापासून 45 च्या पुढे गेलेल्या प्रत्येक रुग्णाची मी फंक्शनल गेट असेसमेंट, म्हणजे चालतानाच्या तोलाची चाचणी, करतो. तीत दहा कृती, प्रत्येकी 0 ते 3, एकूण 30 गुण आहेत, आणि मान डावी-उजवीकडे तसेच वर-खाली वळवत चालणे, अरुंद रेषेवर चालणे, डोळे मिटून चालणे, मागे चालणे आणि जिना या सगळ्यांचा समावेश आहे. वयस्कर व्यक्तींत 22 किंवा त्याहून कमी गुण पडण्याचा धोका सुचवतात.

तुमच्याकडचा खरा महत्त्वाचा आकडा माझ्या मते 26 वरून 17 सेकंद हा आहे. त्याविषयी बोलण्याआधी एक विचारतो. दोन्ही वेळा चाचणी अगदी एकाच पद्धतीने घेतली होती का? स्टॉपवॉच केव्हा सुरू केले, उभ्या जागेवरून पहिले पाऊल उचलल्याबरोबर, की दोन मीटर चालून वेग आल्यावर?


उत्तर : आकडेमोड

तोलकाटा यांनी मांडलेल्या मुद्द्याला थोडी पुरवणी जोडतो. मी पुनर्वसनातील मोजमापांवर संशोधनाचे काम करतो, त्यामुळे माझा भर आकड्यांच्या स्वभावावर राहील.

ओळखता येणारा किमान बदल काढण्याची रीत सोपी आहे. एकाच व्यक्तीच्या पुन्हा पुन्हा केलेल्या मोजमापांतील प्रमाण त्रुटी घ्यायची, तिला 2 च्या वर्गमुळाने गुणायचे, कारण तुलना करताना दोन मोजमापे असतात आणि दोन्हींत त्रुटी असते, आणि मग 1.96 ने गुणायचे. तो 1.96 म्हणजे 95 टक्के खात्रीची अट. कित्येक ठिकाणी 90 टक्के खात्री पुरेशी मानून 1.65 ने गुणतात आणि मर्यादा खाली येते. म्हणून ‘पाच गुणांखाली सगळे व्यर्थ’ असा कडक नियम कोणी करू नये. तीन गुणांची वाढ हा कमकुवत पुरावा आहे, पण पुरावा आहे. त्याच दिशेने बोलणारे दुसरे स्वतंत्र मोजमाप सापडले की त्याचे वजन वाढते.

याच्या शेजारी आणखी एक आकडा असतो आणि या दोघांची सतत गल्लत होते. तो आहे अर्थपूर्ण ठरणारा किमान फरक. पहिला आकडा विचारतो, बदल खरा आहे का. दुसरा विचारतो, खरा असला तरी रुग्णाच्या जगण्यात तो जाणवतो का. पहिला मोजपट्टीच्या अचूकपणावरून निघतो. दुसरा मात्र बाहेरच्या एखाद्या कसोटीला बांधून काढावा लागतो, उदाहरणार्थ रुग्णाने स्वतः ‘मला बराच फरक वाटतो’ असे सांगणे किंवा अपंगत्वाच्या श्रेणीत एक पायरी चढणे. चालण्याच्या वेगाबाबत पक्षाघातानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांतील रुग्णांमध्ये सेकंदाला 0.16 मीटर हा आकडा सुचवला गेला आहे, तर एकूण वयस्कर लोकांमध्ये 0.05 हा लहानसा आणि 0.10 हा भरीव फरक मानतात. तुमच्या रुग्णाचे 26 सेकंद म्हणजे सेकंदाला 0.38 मीटर आणि 17 सेकंद म्हणजे 0.59 मीटर. फरक 0.20 च्या आसपास आहे. पद्धत एकच असेल, तर हा आकडा निःसंशय बोलका आहे.

वेगाचे आणखी एक वैशिष्ट्य असे, की त्याचे टप्पे रोजच्या हालचालींशी जोडता येतात. पक्षाघाताच्या रुग्णांबाबत 1995 पासून वापरात असलेल्या एका वर्गीकरणानुसार 0.4 च्या खाली असणारी व्यक्ती बहुधा घरातल्या घरातच चालते, 0.4 ते 0.8 मध्ये असणारी मर्यादित प्रमाणात बाहेर पडू शकते, आणि 0.8 च्या पुढची मोकळेपणाने वावरते. या सीमारेषा भिंतीसारख्या पक्क्या नाहीत, पण कुटुंबीयांना समजावून सांगण्यासाठी त्यांच्यासारखे दुसरे साधन मला तरी माहीत नाही.

आता टक्केवारी. कृपया ती लिहू नका. बर्गचे गुण क्रमवाचक आहेत. 4 हे 3 पेक्षा चांगले एवढेच त्यातून कळते. 1 वरून 2 वर जाणे आणि 3 वरून 4 वर जाणे यांत सारखेच अंतर आहे असे कोणीही दाखवून दिलेले नाही. शिवाय भागाकार कशाने करायचा? 41 ने भागले तर 7 टक्के, 56 ने भागले तर 5 टक्के, आणि उरलेल्या 15 गुणांपैकी 3 मिळवले असे मांडले तर 20 टक्के. तिन्ही गणिते बरोबर आहेत आणि तिन्ही उत्तरे एकाच माणसाची आहेत. ज्या आकड्याला इतकी रूपे घेता येतात, तो मुलाच्या हाती देणे योग्य नाही. सुधारित ॲशवर्थ श्रेणीची टक्केवारी तर कोणी करूच नये, कारण 1 आणि 1+ यांच्यामधील अंतर हे अंकगणिताचे अंतरच नव्हे.

शेवटचा मुद्दा अप्रिय आहे, पण सांगायला हवा. सहाव्या ते दहाव्या आठवड्यात मेंदूची नैसर्गिक सुधारणा चालूच असते. मोजमाप बदल दाखवते. तो बदल तुमच्या व्यायामाने घडला की काळाने, हे एका रुग्णाच्या दोन आकड्यांवरून ठरत नाही. अहवालात ‘उपचारांमुळे’ हा शब्द लिहिण्याऐवजी ‘उपचारांच्या काळात’ असे लिहिलेले मला अधिक प्रामाणिक वाटते.


उत्तर : हातोटी

मी मुख्यतः हाताच्या पुनर्वसनात काम करते, म्हणून तुमच्या ॲशवर्थच्या नोंदीवर मी थबकले. 1+ वरून 1 ही नोंद ठेवायला हरकत नाही, परंतु तिला फलित म्हणू नका. ती श्रेणी सांगते, की स्नायू आराम अवस्थेत असताना तुम्ही सांधा हलवला तेव्हा हाताला किती अडथळा जाणवला. हलवण्याचा वेग, दिवसाची वेळ, रुग्णाची स्थिती, नुकतेच केलेले ताणाचे व्यायाम, या सगळ्यांनी ती नोंद बदलते. मुख्य म्हणजे पोटरी सैल झाली याचा अर्थ पाऊल चांगले पडू लागले असा होत नाही. काही रुग्णांचा तर त्या ताठरपणावरच पाय उभा असतो.

या गोंधळातून बाहेर येण्यासाठी मला जागतिक आरोग्य संघटनेची 2001 सालची आयसीएफ चौकट फार उपयोगी पडली. तीत शरीराचे कार्य, व्यक्तीची कृती आणि जगण्यातला सहभाग असे वेगवेगळे स्तर मानले आहेत. कोणतीही चाचणी हाती घेण्यापूर्वी ती कोणत्या स्तरावरची आहे हे स्वतःला विचारावे. फ्युगल-मेयर मूल्यमापन पहिल्या स्तरावरचे आहे. 1975 मध्ये स्वीडनमधून आलेल्या या श्रेणीत हाताच्या हालचालींना 66 आणि पायाच्या हालचालींना 34 असे मिळून 100 गुण आहेत, आणि मेंदूने स्नायूंवरचा ताबा कितपत परत मिळवला हे ती फार बारकाईने दाखवते. ॲक्शन रिसर्च आर्म टेस्ट दुसऱ्या स्तरावरची आहे. तीत 19 कृती आणि 57 गुण आहेत, आणि प्रत्यक्ष ठोकळे, नळ्या, छोट्या गोळ्या उचलायच्या असतात. तिची रचनाही वेळ वाचवणारी आहे. प्रत्येक गटात सर्वांत अवघड कृती आधी येते, आणि ती पूर्ण गुणांनी जमली तर त्या गटाचे सगळे गुण देऊन पुढे जायचे असते.

पण दोन्ही चाचण्या मिळूनही तिसऱ्या स्तरापर्यंत पोहोचत नाहीत, हे एका रुग्णाने मला शिकवले. त्यांना ॲक्शन रिसर्च आर्म टेस्टमध्ये 52 गुण होते. दहा सेंटिमीटरचा मोठा लाकडी ठोकळा, ज्यासाठी तळहात पूर्ण उघडावा लागतो, तो त्यांनी पाच सेकंदांच्या आत फळीवर ठेवला. चाचणी संपली, मी कागद आवरू लागले, आणि त्यांचा चष्मा टेबलावरून घसरला. तो त्यांनी डाव्या, म्हणजे चांगल्या हाताने अडवला. उजवा हात मांडीवर तसाच पडून होता, आणि चष्मा होता उजवीकडेच. त्या दिवसापासून मी मोटर ॲक्टिव्हिटी लॉग विचारायला लागले. हात किती वेळा वापरला आणि किती चांगला चालला, हे त्यात रुग्ण रोजच्या कामांबाबत स्वतः 0 ते 5 मध्ये सांगतो. चाचणीच्या टेबलावर हात काय करू शकतो आणि घरी तो काय करतो, या दोन गोष्टींमधली दरी तिथे उघडी पडते.

तुमच्या रुग्णाच्या भिंतीवरच्या हाताला मी म्हणूनच फार किंमत देते. ‘कोणत्याही तक्त्यात बसत नाही’ असे तुम्ही लिहिले आहे, पण तो तुमच्या तक्त्याचा दोष आहे. त्या निरीक्षणासाठी एक ओळ करा.


उत्तर : बैठक

थोडक्यात एक भर. आतापर्यंतची चर्चा चालणाऱ्या रुग्णांविषयी झाली. ज्यांना आधाराशिवाय बसताही येत नाही, त्यांच्यावर बर्ग वापरले तर महिनोन्महिने 3, 4, 4, 5 असे आकडे येत राहतात, आणि नातेवाईकांचाच काय, आपलाही धीर सुटतो. अशा वेळी पक्षाघातासाठी बनवलेली पोस्चरल असेसमेंट स्केल, म्हणजे पास, वापरावी. तीत 12 कृती, 36 गुण आहेत आणि कुशीवर वळणे, आडव्या स्थितीतून उठून बसणे हेही मोजले जाते. किंवा धडाच्या नियंत्रणासाठी ट्रंक इम्पेअरमेंट स्केल घ्यावी, जी 23 गुणांची आहे. गेल्या महिन्यात एका रुग्णाचे बर्ग जागचे हलले नव्हते, पण पास 9 वरून 17 वर गेले होते, आणि त्यांची पत्नी आता एकटीने त्यांना कूस बदलायला मदत करू शकत होती.

अर्ध्या तासाच्या प्रश्नाबाबत : अमेरिकेतील न्यूरोलॉजिक फिजिकल थेरपी अकादमीने 2018 मध्ये प्रौढ रुग्णांसाठी सहा मोजमापांचा एक गाभा सुचवला आहे. बर्ग, फंक्शनल गेट असेसमेंट, तोलाविषयीच्या आत्मविश्वासाची एबीसी श्रेणी, दहा मीटर चाल, सहा मिनिटे चाल आणि खुर्चीतून पाच वेळा उठणे. सगळी एका बैठकीत होत नाहीत. मी दहा मीटर चाल आणि पाच वेळा उठणे दर आठवड्याला घेते, बाकीची दाखल होताना आणि घरी जाताना. ज्याला मुळीच चालता येत नाही, त्याचा वेग ‘चाचणी घेता आली नाही’ असे न लिहिता 0 असा नोंदवावा, म्हणजे पुढे तो पहिले पाऊल टाकेल तेव्हा तुलना करायला आधार राहतो.

सहा मिनिटांच्या चाचणीत मार्गाची लांबी बदलू नका. 30 मीटरच्या मार्गावरचे अंतर आणि 12 मीटरच्या मार्गावरचे अंतर यांची तुलना होत नाही, कारण आखूड मार्गावर वळणे वाढतात आणि पक्षाघाताच्या रुग्णाचा सगळा वेळ वळण्यातच जातो. मध्येच ‘शाब्बास, अजून जोरात’ असे म्हणण्याचा मोहही आवरावा. ठरलेली वाक्येच ठरलेल्या मिनिटाला बोलायची असतात.


उत्तर : पुन्हा उभी

मी थेरपिस्ट नाही. तीन वर्षांपूर्वी मला स्वतःला पक्षाघात झाला होता आणि या चाचण्या मी दुसऱ्या बाजूने दिल्या आहेत, म्हणून लिहिण्याचे धाडस करते.

माझ्या फाइलमध्ये भरपूर आकडे आहेत. त्यांपैकी एकाचाही अर्थ मला उपचारांच्या काळात कोणी सांगितला नव्हता. दर पंधरा दिवसांनी मला एका पायावर उभे राहायला सांगत आणि माझ्या बाजूला उभी असलेली व्यक्ती कागदावर काहीतरी लिहीत असे. ते लिहिणे मी वरून वाचण्याचा प्रयत्न करायची. आकडा वाढला आहे एवढे दिसले की त्या रात्री झोप यायची, आणि तोच राहिला असेल तर मला वाटायचे, की मी पुरेसा प्रयत्न करत नाही. आज वरची उत्तरे वाचून कळते, की त्यांतले कित्येक चढउतार काहीच नव्हते. हे मला तेव्हा कोणी दोन वाक्यांत सांगितले असते, तर किती रात्री वाचल्या असत्या.

माझ्या नंतरच्या थेरपिस्टनी पहिल्याच दिवशी विचारले, ‘तुम्हाला काय करायचे आहे?’ मी सांगितले, की धाकट्या नातीला कडेवर घेऊन अंगणापर्यंत जायचे आहे. त्यांनी त्याचे पाच टप्पे केले. आज जिथे होते ते उणे दोन, उभ्याने तिला दोन मिनिटे धरता येणे उणे एक, कडेवर घेऊन खोलीत दहा पावले चालणे म्हणजे शून्य, म्हणजे ठरवलेले उद्दिष्ट, अंगणापर्यंत जाणे अधिक एक, आणि उंबरा ओलांडून परत येणे अधिक दोन. याला गोल अटेनमेंट स्केलिंग म्हणतात हे मला पुष्कळ नंतर समजले. त्या कागदावर माझे स्वतःचे अक्षर होते. बारा आठवड्यांनी मी शून्यावर पोहोचले, अधिक एकवर नाही, आणि तरीही मला ते माझे यश वाटले, कारण शून्याचा अर्थ मला ठाऊक होता.

त्यांनी मला एबीसी श्रेणीचे सोळा प्रश्नही विचारले होते. गर्दीत धक्के लागत असताना चालताना, सरकत्या जिन्यावर हातात सामान असताना कठडा न धरता, तोल जाणार नाही याची तुम्हाला किती टक्के खात्री वाटते, असे ते प्रश्न आहेत. माझे पाय माझ्या भीतीच्या बरेच पुढे गेलेले आहेत, हे त्या उत्तरांवरून त्यांना दिसले, आणि त्यांनी व्यायाम बदलले. तुमच्या त्या गृहस्थांनाही विचारा, की त्यांना कुठे जायचे आहे.


उत्तर : पाऊलवाट

सर्वांची मनापासून आभारी आहे. सगळी उत्तरे दोनदा वाचली आणि मग जुने कागद काढले.

तोलकाटा, तुमच्या प्रश्नाने मला नेमक्या दुखऱ्या जागी नेले. पहिली तपासणी माझ्या सहकाऱ्याने केली होती. त्या वेळी रुग्ण रेषेवर उभा असताना ‘चला’ म्हटल्याबरोबर घड्याळ सुरू केले होते. मी मात्र दुसऱ्या वेळी दोन मीटर आधीपासून चालायला लावले आणि वेग आल्यावर घड्याळ सुरू केले. म्हणजे 26 आणि 17 हे आकडे एकमेकांशेजारी मांडण्याजोगे नव्हतेच. काल मी पुन्हा चाचणी घेतली, जुन्या पद्धतीने, उभ्या जागेवरून, तीच काठी, तेच बूट, सकाळची तीच वेळ. वेळ आला 18 सेकंद. वेग सेकंदाला 0.56 मीटर, फरक 0.17. आधी वाटला होता त्याहून कमी आहे, परंतु आकडेमोड यांनी सांगितलेल्या 0.16 च्या किंचित पुढे आहे, आणि 0.4 ची रेषाही ओलांडलेली आहे. एवढ्या निसटत्या फरकावर फार मोठे विधान करणार नाही.

बर्गच्या चौदा ओळीही ताडून पाहिल्या. दोन गुण वळण्याच्या कृतीत वाढले आहेत, 1 वरून 3, आणि एक गुण पावले आलटूनपालटून स्टुलावर ठेवण्यात. बाकी बारा ओळी जशाच्या तशा आहेत.

अहवाल बदलला. त्यातली टक्केवारी काढली. ‘उपचारांच्या काळात’ हे शब्द घेतले, वेग आणि तो कोणत्या पद्धतीने मोजला ते लिहिले, बर्गची बेरीज खात्री देण्याइतकी बदललेली नाही हे स्पष्ट नोंदवले, आणि त्याखाली एक स्वतंत्र ओळ केली : ‘खोली ते न्हाणीघर, भिंतीचा आधार न घेता, सलग तीन दिवस निरीक्षण.’ फंक्शनल गेट असेसमेंटही केली. 30 पैकी 15 गुण आले आणि मान वळवून चालताना ते दोनदा अडखळले, जे बर्गमध्ये कधीच दिसले नसते. पुढच्या पंधरवड्याचे व्यायाम त्यावरूनच आखले आहेत.

मुलाने आज पुन्हा विचारले, किती टक्के. मी त्याला आमच्या मार्गिकेत नेले. तिथे जमिनीवर आता दहा मीटरच्या दोन्ही टोकांना आणि त्याच्या दोन मीटर अलीकडे-पलीकडे पट्ट्या चिकटवल्या आहेत. मी त्याला सांगितले, की महिन्यापूर्वी या पट्टीपासून त्या पट्टीपर्यंत पोहोचायला वडिलांना 26 सेकंद लागत होते आणि काल 18 लागले. त्याने स्वतःचा फोन काढला, घड्याळ लावले आणि 26 सेकंद पूर्ण होईपर्यंत तिथेच उभा राहिला. मग म्हणाला, ‘एवढा वेळ लागायचा?’

त्यांना कुठे जायचे आहे, हे मी अजून विचारलेले नाही. उद्या सकाळी तपासणी सुरू करण्यापूर्वी तेच विचारणार आहे.


उत्तर : तोलकाटा

वळण्यात दोन गुण आणि स्टुलावर एक, हे ऐकून बरे वाटले. या दोन्ही कृतींत शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर न्यावा लागतो आणि चालण्यातही तेच घडते, त्यामुळे वेगाच्या आकड्याशी ही वाढ जुळते. उद्या दहा मीटरची चाचणी नेहमीच्या आणि जास्तीत जास्त अशा दोन्ही वेगांनी घेऊन पाहा. दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच आले, तर त्यांच्याकडे वेग वाढवण्याची राखीव क्षमता फार कमी आहे असे समजावे, आणि ज्या ठिकाणी त्यांना जायचे असेल तिथे वाटेत रस्ता ओलांडावा लागतो का, हेही त्यांनाच विचारून घ्यावे.